कागदावरचा बांध यंत्रात कसा उतरतो

कोल्हारच्या प्रवरेवरील पुलावर उभे राहिले, म्हणजे नदीकाठची शेते, विहिरी, गाडीवाटा एका नजरेत भरतात. पण 'हा बांध कुणाचा?' असे कुणी विचारले, की नजर पुरत नाही, नकाशा लागतो. गावोगावचे असे जुने नकाशे आता संगणकात उतरले आहेत. ते कसे, आणि त्यांचा भरवसा किती धरावा, ते पाहू.

नकाशाचे यंत्राने चित्र घेतले की काम झाले, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. चित्र म्हणजे नुसते ठिपके. त्यात बांध कोणता आणि कागदाची सुरकुती कोणती, हे यंत्राला काय कळणार? म्हणून नकाशावरील काही पक्क्या खुणा, उदाहरणार्थ शिवेचे दगड, जमिनीवर शोधून त्यांचे अक्षांश-रेखांश घेतात व चित्र त्या जागी बसवितात. कागद आकसलेला असतो, तोही इथेच सरळ करावा लागतो. मग विहीर हा बिंदू, वाट ही रेषा, शेत ही बंद आकृती, असे एकेक गिरवून प्रत्येक शेताला गट नंबर जोडतात. त्या नंबरामुळे नकाशा आणि सात-बारा यांची गाठ पडते.

खरी गोम पुढेच आहे. समजा, नकाशा १ इंचास ६६० फूट या प्रमाणाचा आहे. गिरविताना रेघ अर्धा मिलिमीटर सरकली, तर जमिनीवर बांध सुमारे ४ मीटर सरकतो. बांध १०० मीटर लांब असेल तर चार गुंठे इकडचे तिकडे! एवढ्यासाठी भाऊ भावाला कोर्टात खेचतो. म्हणून शक्य तेथे रेघ गिरविण्यापेक्षा टिपणातले आकडे घालावेत, हे बरे. शंकुसाखळीने घेतलेली मापे टिपणात लिहिलेली असतात. कागद आकसला तरी आकडा आकसत नाही. ही साखळी ३३ फुटांची, आणि ३३ फूट लांब व तितकीच रुंद जागा म्हणजे एक गुंठा. गुरुजींनी हा गुंठा शाळेच्या पटांगणात चुन्याने आखूनच दाखवावा.

त्याच गुंठ्याने आकाशातील चित्रेही मोजता येतात. १९८८ साली सोडलेल्या आपल्या आय.आर.एस. १-ए उपग्रहाच्या चांगल्या चित्रातही एका ठिपक्यात सुमारे तेरा गुंठे मावत. २००५ च्या कार्टोसॅट-१ चा ठिपका अडीच मीटरांचा. म्हणजे एका गुंठ्यात सोळा ठिपके. मात्र आकाशातून बांध दिसतो, मालकी दिसत नाही. म्हणूनच २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणावर ड्रोन उडविण्याआधी घरांच्या हद्दी जमिनीवर चुन्याने आखून घेतात. त्या वेळी घरमालकाने हजर राहावे, हे फार महत्त्वाचे.

महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर गट नंबर घालून आपल्या शेताची आकृती घरबसल्या पाहता येते. ती पाहण्यापुरती ठीक. बांधाचा तंटा असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयाकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करावा लागतो, आणि त्या मोजणीची नोटीस शेजारच्या खातेदारालाही जाते.