फोटोतील जांभळी कड कुठून येते?

स्नेहसंमेलनाचे फोटो मोठे करून पाहिलेत का? उजळ आकाशासमोरच्या फांद्यांना, पांढऱ्या सदऱ्याच्या कडेला जांभळी किंवा हिरवी रेघ दिसते. मुलं लगेच म्हणतात, "कॅमेरा बिघडला, नवीन घेऊ!" पालकांनो, थांबा. खर्चाआधी दहावीचा प्रकाशाचा धडा आठवा.

काचेतून जाताना जांभळा प्रकाश सर्वांत जास्त वळतो, तांबडा सर्वांत कमी. लोलकात हेच होतं. भिंगाची कडही लोलकासारखीच उतरती असते. त्यामुळे सगळे रंग एकाच जागी जुळत नाहीत आणि एखादा रंग कडेबाहेर सांडतो. याला वर्णीय विपथन म्हणतात. न्यूटनने १६६८ मध्ये दुर्बिणीत भिंगाऐवजी आरसा वापरला, तो हाच दोष टाळायला. पुढे दोन वेगळ्या काचांची भिंगं जोडून तो बराच कमी झाला. जॉन डॉलंडने १७५८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं.

उपाय काय?

१. कॅमेऱ्यात सोय असेल तर अ‍ॅपर्चर लहान करा, म्हणजे एफ ८ च्या आसपास. जांभळी झाक कमी होते.
२. फोटोच्या कोपऱ्यातल्या रेघा मात्र याने जात नाहीत. म्हणून मुख्य विषय मध्यभागी ठेवा.
३. उरलेली कड फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये काढता येते.

वर्गात करून बघा: पांढऱ्या कागदावर जाड काळी रेघ काढा आणि ती भिंगाच्या कडेजवळून पाहा. रंग दिसतील. भिंगातून सूर्याकडे मात्र कुणालाही पाहू देऊ नका.