फोटो विकला म्हणजे हक्कही विकला काय?

अशोक विजयादशमीला नागपूरच्या दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर आपला जनसागर लोटतो. एके काळी तिथे कॅमेरा घेऊन येणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असत. आज आपल्या वस्त्यावस्त्यांतून फोटोग्राफी हाच पोटाचा धंदा केलेले तरुण तयार झाले आहेत. काही भगिनीही या क्षेत्रात उतरल्या आहेत, ही अभिमानाची गोष्ट आहे. लग्नाच्या ऑर्डरी, जयंतीची मिरवणूक, विहाराचे उद्घाटन, मोर्चे, धरणे हे सारे त्यांच्या कॅमेऱ्यात साठत असते.

या फोटोंना मागणीही आहे. दिनदर्शिका काढणाऱ्याला फोटो हवा असतो, पुस्तकाच्या प्रकाशकाला मुखपृष्ठासाठी हवा असतो, भीमगीतांचे व्हिडिओ करणाऱ्याला हवा असतो. व्यवहार मात्र सारा तोंडी. ‘समाजाचेच काम आहे, भाऊ’ असे म्हणून चार-पाचशे रुपये हातावर ठेवले जातात, फोटो व्हॉट्सॲपवर जातो आणि विषय संपतो. पुढे तोच फोटो दुसऱ्याच्या दिनदर्शिकेवर, तिसऱ्याच्या फ्लेक्सवर, चौथ्याच्या पुस्तकावर झळकतो. काढणाऱ्याचे नाव कुठेच नसते आणि पैसाही मिळत नाही. विचारायला गेले तर उत्तर ठरलेले, ‘आम्ही विकत घेतलाय.’

श्रम एकाचे आणि फळ दुसऱ्याचे, ही रीत आपल्या समाजाला नवी नाही. तिच्याविरुद्ध उभे राहायला परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले. म्हणून या प्रश्नाकडे किरकोळ समजून दुर्लक्ष करू नये, असे आम्हाला वाटते. कायदा काय म्हणतो ते पाहू.

मूळ हक्क कुणाचा?

आपल्या देशात यासाठी कॉपीराइट कायदा, १९५७ आहे. या कायद्यानुसार फोटो ही ‘कलाकृती’ आहे आणि ज्याने फोटो काढला तो तिचा कर्ता. फोटो काढला त्या क्षणी हक्क निर्माण होतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. कॅमेरा महागडा होता की साधा मोबाईल होता, याच्याशीही हक्काचा संबंध नाही.

फोटोची प्रत विकणे आणि फोटोचा हक्क विकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पक्के लक्षात ठेवावे. पुस्तकांच्या स्टॉलवरून आपण पुस्तक विकत घेतो, म्हणून ते छापून विकण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही. तसेच फोटोचे. प्रिंट दिली, फाईल दिली, अगदी निगेटिव्ह दिली, तरी तेवढ्याने कॉपीराइट दुसऱ्याकडे जात नाही. तो कायमचा किंवा काही काळापुरता द्यायचा तर लेखी करार हवा आणि त्यावर हक्क देणाऱ्याची सही हवी. केवळ वापरायची परवानगी द्यायची असेल तर तीही लेखीच असावी लागते.

ऑर्डरच्या फोटोचा नियम निराळा

इथे मात्र अनेक छायाचित्रकार फसतात. कुणी पैसे देऊन, सांगून तुमच्याकडून फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणजे लग्नाचे फोटो ज्यांनी ऑर्डर दिली त्यांचे. जयंती मंडळाने ठरवून, पैसे देऊन मिरवणुकीचे फोटो काढून घेतले तर ते मंडळाचे. तुम्ही स्वतःहून चैत्यभूमीवर गेलात, पदरचे खर्चून फोटो काढलेत आणि नंतर कुणी ते मागितले, तर हक्क तुमचाच.

तेव्हा ऑर्डरच्या कामातही हक्क स्वतःकडे ठेवायचा असेल, तर ते काम सुरू होण्याआधीच लिहून घ्यावे. बयाण्याच्या पावतीवर एक ओळ पुरते. मागाहून भांडून उपयोग नाही.

वर्तमानपत्रात पगारी नोकरी करणाऱ्यांचे आणखी वेगळे. तिथे नोकरीचा भाग म्हणून काढलेला फोटो वर्तमानपत्रात किंवा नियतकालिकात छापण्याचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो. इतर वापराचा हक्क छायाचित्रकाराकडे राहतो. नोकरीत नसलेल्या, फोटोगणिक पैसे घेणाऱ्या बंधूंना हा नियम लागू नाही.

कागदावर काय लिहावे?

‘कागदपत्र केले तर लोकांना राग येतो,’ असे आपले तरुण सांगतात. येऊ द्या. घर भाड्याने देताना आपण लिहून घेतोच ना? फोटोची परवानगी हीही एक प्रकारे भाड्याने दिलेली वस्तूच आहे. मोठा करार करायला हवा असेही नाही. साध्या कागदावर पुढील मजकूर दोन प्रतींत लिहून दोघांनी सह्या कराव्यात :

‘सोबत जोडलेला फोटो अमुक दिनदर्शिकेच्या अमुक वर्षाच्या एका आवृत्तीत छापण्यापुरती परवानगी रुपये अमुक घेऊन दिली आहे. फोटोचा कॉपीराइट छायाचित्रकाराकडेच आहे. फोटोखाली छायाचित्रकाराचे नाव छापावे. फोटोत फेरफार करू नये व तो इतर कुणास देऊ नये. अन्य कोणत्याही वापरासाठी पुन्हा लेखी परवानगी घ्यावी.’

फोटोची छोटी प्रत त्याच कागदाला जोडावी, म्हणजे कोणता फोटो यावर वाद होत नाही.

समोरच्याने स्वतःचा छापील करार पुढे केला तर तो घरी नेऊन वाचावा. ‘सर्व हक्क, कायमस्वरूपी, जगभर’ असे शब्द दिसले तर थांबावे. तेवढी किंमत मिळत असेल तर जरूर विका, पण आपण काय विकतो आहोत हे समजून विका. हक्क देण्याच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर हक्क भारतापुरताच समजला जातो. घेणाऱ्याने वर्षभरात तो हक्क वापरलाच नाही, तर करारात वेगळे म्हटलेले नसल्यास तो परत येतो. कायद्याने दुबळ्या बाजूला दिलेला हा आधार आहे.

नावाचा हक्क

कॉपीराइट विकला तरी एक हक्क कर्त्याकडे उरतोच. हा फोटो मी काढला, असे सांगण्याचा हक्क. त्याचबरोबर फोटोची मोडतोड करून कर्त्याच्या नावलौकिकाला बाधा आणली तर दाद मागण्याचाही. कायद्याच्या ५७व्या कलमात हे नमूद आहे. ज्या समाजाची नावे शतकानुशतके इतिहासाच्या पानांवर येऊ दिली गेली नाहीत, त्या समाजातील कलावंताने तरी हा हक्क सोडू नये.

काळजी कशी घ्यावी?

मूळ मोठी फाईल कधीही हातची घालवू नये. पसंतीसाठी पाठवायचा फोटो लहान आकाराचा आणि नाव उमटवलेला असावा. पैसे आणि सही झाल्यावर मोठी फाईल द्यावी. कॅमेऱ्याच्या फाईलमध्ये तारीख, वेळ यांची नोंद आपोआप राहते. ती पुसू नये. पुढेमागे तोच पुरावा होतो. त्याच प्रसंगाचे आधीचे-नंतरचे फोटोही जपून ठेवावेत. चोरणाऱ्याकडे एकच फोटो असतो, काढणाऱ्याकडे सगळी मालिका असते.

नोंदणी सक्तीची नसली तरी महत्त्वाच्या फोटोची करून ठेवावी. दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयाकडे घरबसल्या संगणकावरून अर्ज करता येतो. न्यायालयात ही नोंद प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते.

चोरी झाली तर

प्रथम पुरावा गोळा करावा. ज्यात फोटो छापला आहे ती दिनदर्शिका किंवा ते पुस्तक विकत घेऊन पावती ठेवावी. फ्लेक्स असेल तर तारखेसह त्याचा फोटो काढावा. मग लेखी पत्र पाठवून नाव आणि मोबदला मागावा. पुष्कळ प्रकरणे इथेच मिटतात. न मिटल्यास वकिलाची नोटीस द्यावी. इंटरनेटवर फोटो टाकला गेला असेल तर ती जागा चालवणाऱ्या कंपनीकडे लेखी तक्रार करता येते.

नुकसानभरपाईचा आणि मनाईचा दावा तुम्ही स्वतः राहता तिथल्या जिल्हा न्यायालयात दाखल करता येतो. प्रतिवादी मुंबईचा म्हणून नांदेडच्या माणसाने मुंबईला खेटे घालण्याची गरज नाही. भरपाईच्या दाव्याला ३ वर्षांची मुदत आहे, म्हणून चालढकल करू नये. जाणूनबुजून केलेली चोरी हा फौजदारी गुन्हाही आहे. त्याला ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. धंद्यासाठी केलेली नसेल तर न्यायालय ती कमी करू शकते. हा गुन्हा दखलपात्र असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली दिला. त्यामुळे पोलिसांनी तक्रार घेण्यास टाळाटाळ केली तर हे सांगावे.

‘वकिलाला द्यायला पैसे कुठून आणायचे?’ हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ मध्ये आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती १९९० पासून लागू झाल्या, तेव्हा ज्यांच्याकडे जातीचा दाखला आहे त्या धम्मबांधवांनाही हा लाभ मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. तिथे अर्ज द्यावा.

आपलेही हात स्वच्छ हवेत

दुसऱ्याने आपला फोटो चोरला की आपण चिडतो. पण आपली मंडळे काय करतात? इंटरनेटवर सापडलेले चित्र उचलून बॅनर छापतात. कुणा चित्रकाराने महिनाभर बसून बाबासाहेबांचे तैलचित्र काढलेले असते, त्याचा फोटो काढून पोस्टर विकले जातात. चित्राचा हक्क चित्रकाराचा आहे, फोटो काढला म्हणून तो आपला होत नाही. पंचशीलातले दुसरे शील न दिलेली वस्तू घेऊ नये असे सांगते. विहारात ते म्हणायचे आणि बाहेर येऊन विसरायचे, हे उपासकाला शोभत नाही.

चौकातला पुतळा किंवा दीक्षाभूमीचा स्तूप यांची गोष्ट वेगळी. सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचा आणि वास्तूचा फोटो काढण्यास व छापण्यास कॉपीराइट कायद्याची आडकाठी नाही. आतमध्ये फोटो काढण्यास मनाई असेल तर ती पाळावी.

आणखी एक. ज्यांचा फोटो आपण काढतो ती माणसे आहेत. जाहिरातीसाठी कुणाचा चेहरा वापरायचा असेल तर त्या व्यक्तीची लेखी संमती घ्यावी. मुलांच्या बाबतीत आईवडिलांची घ्यावी. अत्याचार झालेल्या कुटुंबाचे फोटो विकताना तर शंभर वेळा विचार करावा. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहेच, पण त्याहीपुढे माणुसकी म्हणून काही आहे.

घरातल्या पेटीतले फोटो

अनेक घरांत जुन्या पेटीत दलित पँथरच्या काळचे, नामांतर लढ्याचे, पहिल्या धम्मपरिषदांचे फोटो पडून आहेत. हल्ली अभ्यासक, प्रकाशक, चित्रपटवाले ते मागायला येतात आणि घरचे भाबडेपणाने पेटीच हवाली करतात. वडिलांनी स्वतः काढलेले फोटो असतील तर त्यांच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे हक्क वारसांकडे राहतो. २०१२ पूर्वी ही मुदत फोटो प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षे होती, ती त्या वर्षीच्या दुरुस्तीने बदलली. अभ्यासकाला फोटो जरूर द्यावेत, इतिहास दडवून ठेवण्यासाठी नसतो. पण घरीच बसवून स्कॅन करून द्यावेत. मूळ प्रत आणि निगेटिव्ह घराबाहेर जाऊ देऊ नये, आणि वर दिलेला कागद तिथेही करावा. मागे पेन्सिलने कोण, कुठे, केव्हा हे लिहून ठेवावे. ते सांगणारी आजी आज घरात आहे तोवर हे काम उरकून घ्यावे.

ज्या बंधू-भगिनींचा फोटोग्राफी हा व्यवसाय आहे त्यांनी वरचा मजकूर पावतीपुस्तकावर छापूनच घ्यावा, अशी आमची सूचना आहे. आणि जयंती मंडळांनी या वर्षी फ्लेक्स छापताना फोटोखाली काढणाऱ्याचे नाव टाकण्याचा पायंडा पाडावा. त्याला खर्च काहीच येत नाही.

जयभीम!