मोटारीची कटकट

नागपूरच्या सीताबर्डीवरील गर्दीत एखादी मोटार वळते आणि पुढच्या चाकापाशी ‘कट् कट्’ असा आवाज होऊ लागतो. गाडी सरळ धावू लागताच तो थांबतो. अशा वेळी कुशल कारागीर हत्यार उचलण्यापूर्वी कान देतो.

टायरच्या खाचेत खडा रुतला आहे काय, चाकाचे नट सैल झाले आहेत काय, हे तो आधी पाहतो. मग मोकळ्या जागी चाके पूर्ण वळवून मोटार सावकाश गोल फिरवतो. तेव्हाच आवाज वाढला, तर दोष बहुधा ॲक्सलच्या बाहेरच्या सांध्यात असतो.

इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना मिळते, अशा मोटारी भारतात ‘मारुती ८००’मुळे १९८३ नंतर घरोघरी परिचित झाल्या. त्यांच्या पुढच्या चाकांना शक्तीने फिरावे लागते आणि वळावेही लागते. अल्फ्रेड झेपा या अभियंत्याने १९२६ साली तयार केलेल्या सांध्याने हे साधते. त्यात खाचांतून सरकणाऱ्या सहा पोलादी गोळ्या असतात. त्यांचे ग्रीस रबरी वेष्टणात राहते. कारागीर त्याला ‘बूट’ म्हणतात.

नागपूरचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांपलीकडे जातो. उष्णतेने व काळाने रबर चिरते, ग्रीस गळते, धूळ शिरते आणि खाचा झिजतात. सैल झालेल्या गोळ्या मग आपटू लागतात.

झिजलेला सांधा बदलावाच लागतो. अन्यथा तो तुटून मोटार भर रस्त्यात अडते. पण चीर वेळीच दिसली, तर नवे ग्रीस व नवा बूट पुरतो. रबर जपले, तर पोलाद टिकते.