बँकांपुढचे नवे धोके

बँक अडचणीत येण्याची जुनी कारणे ठरलेली आहेत: बुडीत कर्जे, मर्जीतल्या कर्जदाराला झुकते माप, हिशेबातली लपवाछपवी. ती संपलेली नाहीत. २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा तिच्या कर्जांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक रक्कम एकाच बांधकाम समूहाकडे अडकल्याचे उघड झाले. नव्या धोक्यांची तऱ्हा मात्र वेगळी आहे. कर्जवाटप चोख असलेल्या बँकेलाही ते गाठतात, आणि तेही काही तासांत.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा हल्ला हे त्याचे बोलके उदाहरण. एटीएममध्ये कार्ड घातले की पैशांची मागणी व्हिसा किंवा रुपेच्या जाळ्यातून बँकेच्या 'स्विच'कडे जाते. स्विच कोअर बँकिंग प्रणालीकडे शिल्लक तपासतो आणि मग होकार किंवा नकार कळवतो. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, हल्लेखोरांनी या स्विचला बगल देणारा बनावट स्विच उभा केला. तो शिल्लक न पाहताच होकार देत सुटला. बनावट कार्डे घेतलेली माणसे २८ देशांतल्या एटीएमवर तयारच होती. सोमवारी 'स्विफ्ट' या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेतून हाँगकाँगमधल्या एका खात्यात आणखी सुमारे १४ कोटी रुपये वळवले गेले. एकूण फटका ९४ कोटींहून अधिक. ठेवीदारांच्या खात्यांना मात्र धक्का लागला नाही, कारण हे व्यवहार खात्यांपर्यंत पोचलेच नव्हते. गेला तो बँकेचा स्वतःचा पैसा.

दुसरा धोका उसन्या तंत्रज्ञानाचा. लहान सहकारी आणि ग्रामीण बँका संगणकप्रणाली स्वतः उभारत नाहीत, एखाद्या कंपनीकडून घेतात. जुलै २०२४ च्या अखेरीस अशाच एका पुरवठादारावर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. संसर्ग पसरू नये म्हणून राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने त्याला देयकजाळ्यातून तात्पुरते तोडले आणि सुमारे ३०० लहान बँकांचे यूपीआय व एटीएम व्यवहार अडकले. त्या बँकांचा दोष एवढाच, की सगळ्यांचा पुरवठादार एक होता.

तिसरा धोका मोबाइलवरून होणाऱ्या धावाधावीचा. पूर्वी घाबरलेले ठेवीदार शाखेबाहेर रांग लावत. रांग हळू सरके आणि बँकेला थोडी उसंत मिळे. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेला ती मिळाली नाही. व्याजदर वाढल्याने तिच्या दीर्घ मुदतीच्या रोख्यांचे मोल घसरले होते. तोट्याची बातमी फुटताच ९ मार्च २०२३ या एकाच दिवशी सुमारे ४२ अब्ज डॉलर काढले गेले. दुसऱ्या दिवशी बँक बंद झाली.

भारतात झटपट, विनातारण कर्जांची वाढही रिझर्व्ह बँकेला खटकली. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिने बहुतेक वैयक्तिक कर्जांचे जोखीमभार १०० वरून १२५ टक्क्यांवर नेले. म्हणजे अशा कर्जांमागे बँकांना जास्त भांडवल राखावे लागले. हा लगाम वेळेवरच होता.

ठेवीदाराने एक फरक ध्यानात ठेवावा. बँक बुडाल्यास व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंतची ठेव विम्याने सुरक्षित असते. भामट्याने फसवून खात्यातून काढलेल्या पैशाला हा विमा लागू नाही. तिथे वेळ न दवडता बँकेला कळवावे आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.