झेंडूचें तेल आणि आजींची बाटली

गेल्या दसऱ्याला आम्ही अर्जुनी मोरगांवीं एका स्नेह्यांकडे उतरलों होतों. दाराला झेंडूचें तोरण, परसांत झेंडूचे ताटवे, आणि आजींच्या हातांत बाजारांतून आणलेली एक लहानशी बाटली. "अहो, हें झेंडूचें तेल म्हणे जंतु मारतें. नातवाच्या गजकर्णाला लावूं का?" प्रश्न सोपा, परंतु उत्तर देतांना आम्हांला थोडें थांबावें लागलें.

झेंडू मूळचा मेक्सिकोकडील. आपल्या पूजेंत तो इतका रुळला आहे कीं त्यास परका म्हणण्यास जीभ धजत नाहीं. त्याचीं पानेंफुलें वाफेवर ऊर्ध्वपातित केलीं म्हणजे जें तेल निघतें, त्यांत संत्र्यालिंबाच्या सालींतील लिमोनिन, तुळशीच्या शास्त्रीय नांवावरून ओळखलें जाणारें ऑसिमीन, लवंगेंतहि आढळणारें कॅरिओफायलिन, शिवाय टर्पिनोलिन, पिपेरिटोन व खास झेंडूच्याच नांवाचें टॅजेटोन अशीं द्रव्यें असतात. मात्र जात कोणती, पान कीं फूल, काढणी केव्हांची, यांप्रमाणें त्यांचें प्रमाण बदलतें. एका बाटलीचा गुण दुसरीस लागेलच असें नाहीं.

जंतुनाशाची गोष्ट खोटी नव्हे. हीं द्रव्यें तेलकट जातीचीं असल्यामुळें सूक्ष्म जंतूंच्या पेशींच्या आवरणांत शिरून तें मोडकळीस आणतात. भारतांतील रानटी 'फ्रेंच' झेंडूच्या फुलांचें तेल द्राक्षें नासविणाऱ्या आणि संत्र्यांवर हिरवी बुरशी धरविणाऱ्या बुरशींस रोखतें, असें २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत आढळलें. विदर्भवासीयांस संत्र्यांची ही नासाडी सांगावयास नको.

परंतु कांचेच्या तबकडींतील बुरशी निराळी आणि मुलाची कातडी निराळी. झेंडूंत अल्फा-टर्थायनिल नांवाचें एक गंधकयुक्त द्रव्य असतें. १९४७ सालीं तें पाकळ्यांतून वेगळें काढलें गेलें. १९५८ सालीं मुळांतील तेंच द्रव्य सूत्रकृमींना मारतें असें दिसून आलें. टोमॅटोच्या वाफ्यांत झेंडू लावण्याची चाल आहे, तिला हा आधार. पण उन्हांतील अतिनील किरण मिळतांच तें अधिकच दाहक बनतें, आणि तेल लावलेली कातडी उन्हांत गेल्यास भाजल्यासारखी लाल होऊं शकते. अंगावर लावून ठेवावयाच्या प्रसाधनांत या तेलाचें प्रमाण शेंकडा ०.०१ हून अधिक नसावें, असा युरोपीय संघाचा नियम आहे तो उगीच नव्हे.

मग आम्हीं बाटली खिडकीशीं नेऊन पाहिली. बारीक अक्षरांत लिहिलें होतें, 'कॅलेंड्युला'! इंग्रजींत दोन्ही फुलांना मेरिगोल्डच म्हणतात. झाडें मात्र अगदीं निराळीं.

"म्हणजे आमचा झेंडू नव्हेच हा!" असें म्हणून आजी हंसल्या, बाटली फडताळांत ठेवली, आणि नातवाला डॉक्टरांकडे नेण्यासाठीं त्यांनीं सुनेला हांक मारली.