‘मन घट्ट करा’ म्हणण्यापूर्वी

घरात कोणाला ताप आला तर आपण तो शेजाऱ्यांपासून लपवीत नाही. डॉक्टरकडे नेतो, औषध आणतो. पण घरातील माणसाचे मन आजारी पडले म्हणजे मात्र दारे लागतात आणि बोलणे दबक्या आवाजात होऊ लागते. या चुकीत मीही एकदा वाटेकरी झालो आहे, म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्याबरोबर शिकविणारे गणिताचे एक शिक्षक हळूहळू बोलेनासे झाले. मधल्या सुट्टीत सर्वांबरोबर डबा उघडणारे हे गृहस्थ रिकाम्या वर्गातच बसून राहू लागले. तपासावयाच्या वह्या साठू लागल्या. पहाटे तीनला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही, असे त्यांनी मला एकदा सांगितले. मी म्हणालो, “सर, मन घट्ट करा. तुम्हांला काय कमी आहे?” ते नुसते हसले. त्यानंतर त्यांनी मला काहीही सांगितले नाही. उघडू पाहणारे दार माझ्याच उपदेशाने लागले.

दुःख आणि नैराश्य यांत फरक आहे. दुःख प्रत्येकाच्या वाट्याला येते आणि काळाबरोबर ओसरते. परंतु दोन आठवडे किंवा अधिक काळ, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न राहणे, आवडीच्या गोष्टींतील गोडी जाणे, झोप व भूक बिघडणे, अंगातील शक्ती गेल्यासारखे वाटणे, लक्ष न लागणे, आपण कुचकामी आहोत असे वाटणे, मरणाचे विचार येणे, यांतील अनेक लक्षणे एकत्र दिसली तर तो आजार समजावा. आपल्याकडे तर पुष्कळदा माणूस मनाविषयी बोलतच नाही. अंग दुखते, थकवा येतो, झोप येत नाही, एवढेच तो डॉक्टरांना सांगतो.

याचे कारण एकच नसते. आनुवंशिकता, जवळच्याचा मृत्यू, कर्ज, दारू, बाळंतपणानंतरचे दिवस, दीर्घ आजार, यांपैकी काहीही निमित्त होऊ शकते. थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावल्यानेही अशीच लक्षणे दिसतात. म्हणून प्रथम डॉक्टरांकडून तपासून घेणे हे शहाणपणाचे.

समुपदेशन म्हणजे उपदेश, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः समुपदेशक प्रथम ऐकतो, तेही दोष न देता. त्याची एक पद्धत अशी. मन खिन्न झाले की माणूस कामे सोडतो, माणसांत जाणे टाळतो. त्यामुळे आनंदाचे आणि यशाचे लहानसहान प्रसंगही आयुष्यातून जातात आणि मन अधिकच खिन्न होते. हे चक्र थांबविण्यासाठी समुपदेशक रुग्णाबरोबर बसून अगदी लहान कामे ठरवितो. सकाळी दहा मिनिटे चालणे, एका मित्राला फोन करणे, अंगणातील झाडांना पाणी घालणे. मन लागेल तेव्हा काम करू, असे रुग्ण म्हणतो. पण काम सुरू केल्यावर मन लागू लागते, असा येथे अनुभव येतो.

याची परीक्षा आपल्या गोव्यातच झाली आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांतील तीव्र नैराश्याच्या सुमारे 500 रुग्णांवर हा प्रयोग केला. समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. सहा ते आठ बैठकी झाल्या. 2017 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष छापून आले. तीन महिन्यांनी, समुपदेशन मिळालेल्यांपैकी शेकडा 64 जणांचा आजार ओसरला होता. ज्यांना केवळ डॉक्टरांचे नेहमीचे उपचार मिळाले, त्यांच्यात हे प्रमाण शेकडा 39 होते.

आजार तीव्र असेल तर औषधेही लागतात. त्यांचा गुण येण्यास काही आठवडे जातात. बरे वाटू लागताच ती आपल्या मनाने बंद करू नयेत.

श्रद्धा कमी पडली म्हणून हा आजार होतो, असे म्हणणारे भेटतात. मी स्वतः नमाज पढणारा माणूस आहे. प्रार्थनेने धीर येतो, हे मी जाणतो. पण हाड मोडले तर आपण प्रार्थना करतो आणि प्लास्टरही घालून घेतो. मनाला वेगळा न्याय का लावावा?

लोक काय म्हणतील, ही भीतीही खरी आहे. परंतु 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला आपल्या आजाराची माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क दिला आहे. बांबोळी येथे सरकारी मनोरुग्णालय आहे. 2022 साली सुरू झालेल्या सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेत 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य, मराठीतही बोलता येते. कोणी मरणाची भाषा करू लागला तर ती थट्टेवारी नेऊ नका. त्याला सरळ विचारा. विचारल्याने तो विचार बळावत नाही, उलट मनावरचे ओझे हलके होते. मात्र त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

आमच्या त्या शिक्षकांना शेवटी त्यांची थोरली बहीण हाताला धरून आरोग्य केंद्रात घेऊन गेली. औषध आणि समुपदेशन यांनी काही महिन्यांत ते सावरले. आज ते पुन्हा आमच्याबरोबर डबा उघडतात. मी एकदा त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, “सर, त्या दिवशी तुम्ही नुसते जवळ बसला असता तरी पुष्कळ होते.”

तेव्हा यापुढे ‘मन घट्ट करा’ म्हणण्यापूर्वी आपण क्षणभर थांबावे. जवळ बसावे, ऐकावे आणि मग म्हणावे, “चला, मी तुमच्याबरोबर येतो.”