उंद्रीला किती रस्ता हवा?

खामगावहून चिखलीकडे जाणाऱ्या एस. टी. त बसलात, तर वाटेत उंद्री लागते. कागदोपत्री तिला उदयनगर असेही म्हणतात. गाव मोठ्या रस्त्यावर आहे, म्हणून शाळा, बाजार, दवाखाना गाठणे त्यातल्या त्यात सोपे. पण आडवाटेच्या गावातल्या तुमच्यासारख्याच मुलाला आधी चालत रस्त्यापर्यंत यावे लागते. त्याने किती चालावे, हे कोणी ठरवले? नशिबाने, असे म्हणू नका. त्यामागे चक्क एक गणित आहे.

हे गणित आपल्या विदर्भातच मांडले गेले. 1943 च्या डिसेंबरात देशभरचे मुख्य अभियंते नागपूरला जमले आणि त्यांनी 20 वर्षांची रस्ते योजना आखली. दर 100 चौरस किलोमीटरमागे 16 किलोमीटर रस्ता, हे तिचे उद्दिष्ट. आता वहीत चौकटी आखा. प्रत्येक रेघ म्हणजे रस्ता. चौकटीला बाजू चार. पण प्रत्येक बाजू शेजारच्या चौकटीचीही असते, म्हणून एका चौकटीच्या वाट्याला दोनच बाजू येतात. हिशेब केलात, तर 16 किलोमीटरच्या उद्दिष्टाला चौकटीची बाजू साडेबारा किलोमीटर येते. अगदी मधोमध वसलेले गाव रस्त्यापासून सव्वासहा किलोमीटरवर!

पुढे 1961 च्या मुंबई योजनेने हे उद्दिष्ट 32 वर नेले, 1981 च्या लखनौ योजनेने 82 वर. हाच हिशेब पुन्हा करा. मधल्या गावाचे अंतर आधी सुमारे 3.1 आणि मग 1.2 किलोमीटर येईल. यात एक मेख आहे. चाल निम्मी करायची, तर रस्ता दुप्पट लागतो. म्हणजे खर्चही निदान दुप्पट. आणि पैसा तर एकाच तिजोरीतला. मग आधी कोणाला द्यायचा?

हा वाद महाराष्ट्रात फार तापला, तेव्हा 1983 मध्ये शासनाने अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य अशा बाबींची राज्याची सरासरी काढली. जो जिल्हा सरासरीच्या खाली, त्याला तेथवर आणायला लागणारा पैसा म्हणजे त्याचा ‘अनुशेष’. 1984 च्या अहवालात राज्याचा एकूण अनुशेष 3,186 कोटी 77 लाख रुपये निघाला. त्यात विदर्भाचा 1,246 कोटी 54 लाख, म्हणजे सुमारे 39 टक्के. वर्तमानपत्रात आजही भेटणारा हा शब्द वजाबाकीतून आला आहे, हे पुष्कळ मोठ्या माणसांनाही ठाऊक नसते! 1994 साली राज्यघटनेच्या 371 (2) या कलमाखाली विदर्भासाठी वैधानिक विकास मंडळ आले आणि निधीच्या न्याय्य वाटपाची जबाबदारी राज्यपालांकडे गेली. मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली.

मात्र सरासरी ही मोठी लबाड असते. समजा, एका जिल्ह्यात तीन सारखेच मोठे तालुके आहेत आणि तेथे दर 100 चौरस किलोमीटरला 60, 40 आणि 20 किलोमीटर रस्ते आहेत. जिल्ह्याची सरासरी 40. राज्याचीही 40 असेल, तर अनुशेष शून्य! तिसऱ्या तालुक्यातला मुलगा मात्र चालतोच आहे. 2011 मध्ये नेमलेल्या विजय केळकर समितीने म्हणूनच तालुका हा घटक धरला. माझ्या मते हे आधीच व्हायला हवे होते.

रेल्वेचा हिशेब तर आणखी निराळा. जलंबहून खामगावला 1870 सालीच कापसासाठी फाटा आला. पण तेथून चिखलीमार्गे जालन्याला जाणारा मार्ग पिढ्यान्‌पिढ्या मागण्यांत आणि सर्वेक्षणांतच राहिला.

आता तुम्हीच एक प्रयोग करा. शिक्षकांकडून भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 प्रमाणाचा तुमच्या भागाचा नकाशा मिळवा. गाव मध्ये धरून 20 सेंटिमीटर बाजूचा चौरस आखा. हे झाले 100 चौरस किलोमीटर. ओला दोरा रस्त्यांच्या वळणांवरून फिरवून लांबी मोजा. 2 सेंटिमीटर म्हणजे 1 किलोमीटर. येणारा आकडा 16, 32 आणि 82 यांच्या शेजारी लिहा. बैलगाडीची वाट मोजायची की नाही, हे मात्र दोरा हातात घेण्यापूर्वीच ठरवा.